मोदकाच्या साच्यातलं मुठेल

मागच्या डिसेंबरात आमच्या फ्रीजमध्ये अंड्यांच्या कप्प्यात सहा पांढरेशुभ्र मोदक ठेवलेले होते आणि त्यातला एक माझ्या भाच्याने तोंडात टाकला. चावला, थांबला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, मावशी हा व्हाइट चॉकलेटचा आहे ना, मग गोड का नाहीये? मी "थुंक आधी!" म्हणेपर्यंत अर्धा पोटात गेलेला. माझी बहीण मिठाचं पाणी करायला धावली, मी तिला सांगतेय की अगं काही होत नाही, हातापायाला लावायची वडी आहे ती, त्यात कोकमाचं तेल आहे, खोबरेल आहे आणि मधमाशीचं मेण आहे, तिन्ही माणसं खातातच की. पण "क्रीम खाल्लं पोराने" हे एकदा डोक्यात बसल्यावर कोण ऐकतंय.

आणि गंमत म्हणजे पोरगं फार चुकलंही नव्हतं. युरोपात चॉकलेटसाठी 2000 साली जो नियम झाला त्यात कोको बटरशिवाय सहाच वनस्पतींची तुपं घालायची परवानगी आहे, तीही 5 टक्क्यांपर्यंत, आणि त्या सहांत आपलं कोकम आहे. म्हणजे ज्या गोळ्याने आजी टाचा घासायची त्याचा भाऊबंद तिकडे चॉकलेटात बसलेला असू शकतो. हे मी बहिणीला तेव्हा नाही सांगितलं, नंतर सांगितलं, तरी ती रागावलीच.

तर मोदक का, तर साचा तोच होता हाताशी. आणि मुळात हे सगळं का, तर पुण्याची थंडी. मालवणात आजोळी डिसेंबरात पहाटे गोधडी लागायची पण कातडी कधी अशी ताणली नाही, समुद्र जवळ, हवेत ओल असते. पुण्यात नोव्हेंबर संपता संपता पायांवर नखाने रेघ ओढली की पांढरी उमटते, हाताच्या मागे खवले, ओठांचं तर बोलूच नका. पंपाच्या बाटलीतलं लोशन मी वर्षानुवर्षं आणलं, मग एकदा लेबल वाचत बसले तर पहिलं नाव पाण्याचं. म्हणजे सगळ्यात जास्त पाणीच. वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, लोशन असंच असतं, पाणी आणि तेल घोटून एकजीव केलेलं, पण मग पाणी आलं की बुरशी आलीच, म्हणून ती न लागणारं औषध घालावं लागतं, म्हणून यादी लांब होत जाते. पाणीच नसेल तर? मग ते घट्ट होतं, वडी होते, आणि वडी होते म्हटल्यावर मला स्वयंपाकघर आठवलं. वड्या येतात मला.

रील्समध्ये सगळीकडे एकच कृती: मेण, बटर (बहुतेकींचं शिया, म्हणजे आफ्रिकेतल्या एका झाडाच्या बियांचं तूप), तेल, तिन्ही समसमान, वितळवा, ओता, झालं. मी कोकम बटर ऑनलाइन मागवलं. पाकिटात पांढरे तुकडे आले, वासच नाही कसला, आणि मी त्यातला एक हातात घेऊन बराच वेळ तशीच उभी राहिले कारण हे मला माहीत होतं. नाव माहीत नव्हतं असं, पण हाताला माहीत होतं. थंडगार, गुळगुळीत, नखाने खरवडलं की पापुद्रा निघतो. हे मुठेल होतं! आजीच्या फडताळात मिठाच्या बरणीमागे कागदात गुंडाळलेलं असायचं तेच, फक्त धुराचा वास काढून टाकलेलं आणि इंग्रजी नाव लावलेलं.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. एप्रिल-मेमध्ये रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडले की सालं आमसुलांसाठी वेगळी, रस वेगळा, आणि बिया उरतात, एका फळात पाच ते आठ. लोक त्या टाकून देतील असं वाटतं पण कोकणात टाकून देण्यासारखं फारसं काही नसतं. धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून ठेवायच्या, मग सवड झाली की फोडून आतला गर कुटायचा आणि पाण्यात घालून चुलीवर उकळत ठेवायचा. तासनतास. तेल वर येतं, रात्रभर गार होऊ दिलं की सकाळी पातेल्यावर पांढरट थर धरलेला. तो काढायचा, परत वितळवून गाळायचा आणि घट्ट व्हायला लागला की मुठीत दाबून लांबट गोळा करायचा, म्हणून मुठेल. आजीच्या गोळ्यावर तिच्या बोटांच्या चार खाचा असायच्या. गोव्यात यालाच भिरंडेल म्हणतात. बीच्या वजनाच्या साधारण पाव हिस्साच तेल असतं, आणि घरच्या पद्धतीने तेवढंही सगळं हाताला लागत नाही, म्हणून आजी ते सोन्यासारखं वापरायची. आम्ही अनवाणी हुंदडून आलो की म्हणायची, "आधी पाय धुवन ये, आनि वल्याकच लाव." पुसून कोरडे करून गेलं तर परत पाठवायची. तेव्हा वाटायचं म्हातारीचा हट्ट.

आता कळतं की सगळा कारभार त्या ओल्या पायातच आहे. तेल-मेण कातडीला पाणी देत नाही, त्यात पाणी नाहीच तर देणार कुठून, ते फक्त झाकण घालतं. खाली ओल असेल तर ओल कोंडून ठेवतं, खाली कोरडं असेल तर कोरडंच. माझी एक मैत्रीण "तुझ्या वडीने काही फरक पडला नाही" म्हणाली ती एसी ऑफिसात कोरड्या हातांना चोळत होती, तिला म्हटलं बाई नळाखाली हात धर, झटक आणि मग लाव. पडला फरक.

पण आजीची भक्ती जरा बाजूला ठेवून खरं सांगायचं तर ते मुठेल वापरायला वैतागच होता. दगड असतो तो. कोकमाचं तेल साधारण 40 अंशाला वितळतं आणि आपली कातडी वरून 32-33 अंश, म्हणजे नुसतं फिरवून ते लागतच नाही, ओरखडे येतात. आजी गोळा चिमणीच्या काचेला टेकवायची, वरचा थर पातळ झाला की बोटाने घ्यायची. त्यामुळे मला पारंपरिक तेच उत्तम वगैरे म्हणायचं नाहीये. मला तेच हवं होतं पण काचेला न टेकवता.

तर पहिली खेप, समसमान. झाली मेणबत्ती. वात घातली असती तर जळली असती. मधमाशीचं मेण 62-64 अंशाला वितळतं, वर कोकम स्वतःच कडक, दोन कडक माणसं एका घरात आणली मी. शिया बटरवाल्या बायांची कृती कोकमाला चालत नाही हे मला कळायला तीस ग्रॅम मेण गेलं. दुसऱ्या खेपेला मेण एकदम काढूनच टाकलं आणि खोबरेल भरपूर. डिसेंबरात सुंदर झाली वडी, अहाहा, हाताला लावली की लोण्यासारखी, मी चार जणींना वाटली. कौतुक झालं. खोबरेल 24 अंशाला गोठतं हे मला कोणी सांगायची गरज नव्हती, बाथरूममधली निळी बाटली थंडीत कशी उन्हात ठेवावी लागते ते रोजच बघतो, पण दोन आणि दोन चार करायला मला मार्च उजाडला. पर्समध्ये डबी आडवी झाली आणि चेकबुक, रुमाल, मोत्याचं एक कानातलं, आणि लाइटबिल, सगळं तळून काढल्यासारखं. लाइटबिलातून पलीकडचं दिसत होतं.

तिसऱ्या खेपेची तर लाज वाटते. नैसर्गिकपणाचा झटका आला होता, म्हटलं कुंडीतली कोरफड घालू. गर काढला, मिक्सरला फिरवला, घातला. एक तर तेलात तो मिसळेचना, खाली थेंब थेंब बसला, तरी मी घोटून घोटून बसवला. आठव्या-नवव्या दिवशी वडीवर हिरवट केस. पाणी नको म्हणून हा सगळा खटाटोप मांडला होता आणि मीच त्यात पाणी ओतलं होतं, कोरफड म्हणजे दुसरं काय असतं. गुलाबपाणी, दूध, मध, हळदीचा रस, रील्समध्ये लोक वाट्टेल ते घालतात, पुढचा व्हिडिओ मात्र कोणी टाकत नाही, आठवड्यानंतरचा.

मग सुचलं ते मेणाच्या डबीवरून. सासूबाई साताऱ्याकडच्या, त्यांच्या आईची फणीकरंड्याची पेटी घरात आहे, झाकणाला आतून आरसा असलेली. त्यात कुंकवाचा करंडा आणि शेजारी मेणाची बारकी डबी. टिकल्या यायच्या आधी बायका कपाळावर आधी मेणाचा ठिपका लावायच्या आणि त्यावर कुंकू, म्हणजे ते सांडत नाही, घामाने पसरत नाही. मी म्हटलं आई, नुसतं मेण कसं लागेल, ते तर टणक. तर म्हणाल्या, "नुसतं कुठलं, खोबरेल घालून कढवायचं. उन्हाळ्यात तेल कमी, थंडीत जास्त. बोटाला यायला पाहिजे आणि कपाळावर राह्यला पाहिजे." मी वजनकाटा आणून तीन महिने जे शोधत होते ते यांनी भाजी निवडता निवडता सांगितलं, वर मान पण केली नाही.

उन्हाळ्याची वेगळी आणि थंडीची वेगळी! आपल्याला बाजाराने सवय लावलीय की डबीत वर्षभर एकच गोष्ट एकसारखी असली पाहिजे. लाडू आपण डिंकाचे थंडीत करतो ना, मग. तेव्हापासून माझ्या दोन कृती आहेत. थंडीची अशी: कोकम तीन भाग, तेल तीन भाग, मेण एक. तेलात अर्धं खोबरेल अर्धं तिळाचं, तिळाचं गोठत नाही म्हणून. मार्च लागला की तेल दोन भाग आणि मेण दीड, आणि डबी पर्समध्ये नाही, घरातच. आधी मेण, पातेल्यातल्या पाण्यात वाटी ठेवून, कारण त्याला सगळ्यात वेळ लागतो, मग कोकम, शेवटी तेल. सगळं एकजीव पातळ झालं की साच्यात ओतून सरळ फ्रीजमध्ये. टेबलावर निवांत गार होऊ दिलं तर काही तुपं रवाळ होतात, शिया तर हमखास. रवाळ तूप आपण कौतुकाने वाढतो पण रवाळ वडी ओठावर फिरवून बघा, वाळूचा कागद. वासाचं म्हणाल तर मी काहीच घालत नाही, मेणाला स्वतःचा मधासारखा वास असतो, पुरतो. आणि एकदम ढीगभर करून ठेवायची नाही, बुरशी नाही आली तरी तेल खवट होतंच, दिवाळीच्या उरलेल्या चिवड्याचा वास येतो ना तस्सा, हाताला तो लावून मीटिंगला बसलेय मी एकदा.

सासूबाई स्वतः मात्र मोदक वापरत नाहीत. त्या तुपाच्या. रात्री पायाला तूप आणि काशाची वाटी, घासत बसतात, वाटी काळी, तळवा काळा, आणि "बघ किती उष्णता निघाली" म्हणतात. वाटीच्या धातूचं आणि तुपाचं ते काळं असतं, माझ्या पायाचं म्हणून निघतं तेवढंच तुमच्याही पायाचं निघेल, हे मी एकदा बोलून बघितलं. त्यांनी वाटी माझ्या हातात दिली आणि पाय पुढे केला. घासून झाल्यावर त्या पाचव्या मिनिटाला घोरत होत्या, त्यामुळे उष्णतेचा विषय मी सोडून दिलाय. पण एक बघितलं, तुपाऐवजी माझ्या थंडीच्या वडीचा तुकडा वाटीने घासला तर वाटी अडखळते, मेणामुळे. तिथे तूपच बरं. जाऊ दे, सगळीकडे आपलंच घोडं कशाला दामटायचं.

मालवणला मामीला फोन केला होता की या वर्षी बियांचं थोडं मुठेल कर माझ्यासाठी, धुराच्या वासाचं. ती हसली. म्हणाली आता कोण कुटत बसणार, बिया वाळवून विकून टाकतो, व्यापारी दारात येऊन नेतो. मग थोडं थांबून म्हणाली, "तू त्या पुण्यात काय करतस म्हणे, माका पन पाठव दोन." दोन मोदक पाठवले, डबीवर मोठ्या अक्षरात "खायचे नाहीत" लिहून.

बाकी सगळं मार्गी लागलं, एक पातेलं सोडून. पहिल्या खेपेला मी मेण चक्क चहाच्या पातेल्यात वितळवलं होतं. गरम पाणी, राख, लिंबू, डाळीचं पीठ, कशानेही त्या कडेची ती एक रेघ जात नाही, आणि चहा उकळला की वर बारीक तवंग येतो. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. परवा कप खाली ठेवून म्हणाला, दूधवाला बदललास का, साय मस्त येतेय हल्ली.