जुहूचे बघे

रविवारी संध्याकाळी जुहूला जाऊ नये, हे मुंबईतलं शेंबडं पोरही सांगेल. आम्ही नेमके तेव्हाच गेलो, कारण मावशीला तेव्हाच जायचं होतं. मी सांगलीहून एका लग्नाला आले होते. लग्न व्यवस्थित पार पडलं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मावशी जन्मापासून पार्ल्याची, लग्नानंतरही पार्ल्यातच. जुहू म्हणजे तिला घराचं परसदारच.

वाळूत पाय ठेवला न ठेवला, तोच हातात मेनूकार्ड घेतलेली पोरं अंगावर आली. ‘मॅडम, पावभाजी! मॅडम, इधर बैठो!’ मराठीत नको म्हटलं, हिंदीत नको म्हटलं, शेवटी हात जोडले. एकाने तरीही मावशीची पिशवी उचलून आपल्या चटईवर नेऊन ठेवली. मग काय, बसलो. पावभाजीत भाजी कमी आणि लोणी जास्त, शिवाय दाताखाली वाळू. काला खट्टा गोळा मात्र झकास होता, अगदी खोटं कशाला बोलू. समुद्राच्या पाण्याबद्दल न बोललेलंच बरं. त्यात माणसं कपड्यांसकट कमरेपर्यंत शिरून फोटो काढत होती, आणि काठावरचा जीवरक्षक शिट्ट्या फुंकून दमला होता.

मी वैतागून म्हटलं, “एवढी माणसं इथे काय बघायला येतात गं?”

“एकमेकांना,” मावशी म्हणाली. “जुहूला पहिल्यापासून असंच आहे. बघायला काही नसलं तरी माणसं येतात, आणि काही आलं तर मग विचारूच नकोस. जपानचं विमान पडलं तेव्हा आम्ही सगळी पोरं इकडेच होतो.”

तिथून पुढचा तासभर मी गर्दी विसरले.

२४ सप्टेंबर १९७२, रविवार, भल्या सकाळची वेळ. लंडनहून टोकियोला निघालेलं जपान एअरलाइन्सचं डीसी-८ वाटेत सांताक्रूझ विमानतळावर उतरायचं होतं. समुद्रावरून येताना आधी जुहूची धावपट्टी लागते आणि तिच्या पलीकडे, थोड्याच अंतरावर, सांताक्रूझची. दोन्ही जवळजवळ एकाच दिशेत आखलेल्या. वैमानिकाला वाटलं, हेच सांताक्रूझ. चार इंजिनांचं ते धूड जुहूच्या इवल्याशा पट्टीवर टेकलं, पट्टी संपली तरी थांबलं नाही आणि पुढे घसरत गेलं. नशीब एवढंच की कोणी दगावलं नाही, काहीजण जखमी झाले. विमान मात्र कायमचं निकामी झालं.

मावशी तेव्हा तेरा वर्षांची. बातमी पार्ल्यात दुधाबरोबरच घरोघर पोचली. “आंघोळी टाकून पळालो आम्ही. आई ओरडतेय, कोण ऐकतंय! कुंपणाला ही गर्दी. कुणी बापाच्या खांद्यावर, कुणी झाडावर. आणि ते पांढरं विमान असं वाकडं बसलेलं. लाज वाटल्यासारखं.” दुसऱ्या दिवशी शाळेत निम्म्या वर्गाने गृहपाठ केला नव्हता आणि बाईंनीही विचारलं नाही. बाईसुद्धा बघून आल्या होत्या.

बरं, ही चूक पहिली नव्हती. १९५३ च्या जुलैमध्ये बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीचं कॉमेट, म्हणजे त्या काळचं नवंकोरं जेट विमान, असंच जुहूला उतरलं होतं. ते धड होतं, म्हणून काही दिवसांनी रिकामं, हलकं करून पुन्हा उडवून नेलं.

खरं तर जुहूचा विमानतळ असा चुकीने आठवावा असा नाही. १९२८ साली सुरू झालेला हा देशातला पहिला नागरी विमानतळ. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन, एक इंजिनाचं पस मॉथ स्वतः चालवत इथेच उतरले. वाटेत अहमदाबादला त्यांच्यासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते म्हणे. इथे कार्यालय म्हणजे एक झापाची झोपडी. पावसाळ्यात सगळं मैदान पाण्याखाली जाई, मग मुक्काम पुण्याला हलवावा लागे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सांताक्रूझचा विमानतळ झाला आणि मोठी विमानं तिकडे गेली. चुकून आलेली सोडून. आता जुहूला हेलिकॉप्टरं, त्यातली बरीचशी समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं नेणारी. आजूबाजूला उंच टॉवर फार नाहीत त्याचं एक कारण हा विमानतळच, कारण विमानांच्या वाटेत उंच बांधायला मनाई. मला ही गोष्ट फार आवडली. बिल्डरांना जे कुणी रोखू शकलं नाही ते एका जुन्या मैदानाने रोखलंय.

आमच्या डोक्यावरून एक हेलिकॉप्टर गेलं. मान वर करून सगळी चौपाटी बघत राहिली, गोळेवालासुद्धा.

२०११ सालची जहाजं मला टीव्हीवरची आठवत होती, मावशीने अर्थातच समोर उभं राहून पाहिलेली. जूनमध्ये ‘विस्डम’ आलं. ते गुजरातेत अलंगला, जिथे जुनी जहाजं तोडतात तिथे, मोडीत निघालं होतं, ओढणाऱ्या बोटीपासून सुटलं आणि जुहूच्या वाळूत रुतलं. जुलैअखेर ‘पवित’ आलं, ते तर त्याहून अजब. ओमानजवळ खलाशांनी ते सोडून दिलं होतं. जवळपास महिनाभर एकही माणूस नसलेलं ते जहाज अरबी समुद्रात भरकटत राहिलं आणि किनाऱ्यावर येऊन टेकेपर्यंत कुणाला कळलंच नाही. २६/११ नंतर तीन वर्षंही झाली नव्हती! संरक्षणाची लक्तरं निघाली, आणि इकडे भेळवाल्यांची दिवाळी झाली.

गांधीजींनाही या गर्दीने सोडलं नाही. १९२४ मध्ये ससूनमधल्या शस्त्रक्रियेनंतर सुटका झाल्यावर, आणि पुन्हा १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर, ते विश्रांतीला जुहूलाच आले होते. दर्शनाला माणसं लोटायची. आता ती लोटतात अमिताभ बच्चनच्या ‘जलसा’ बंगल्यासमोर. आमचीही रिक्षा तिथे अडकली. आत हालचाल काहीच नव्हती, फाटक बंद, आणि शे-दीडशे माणसं बंद फाटकाचं शूटिंग करत होती. मी कुत्सितपणे हसले आणि मग मोबाइल काढला. आईला पाठवायला, दुसरं काही नाही.

सकाळी फिरायला येणारं जुहू वेगळंच असतं. बुटांच्या किमतीवरून माणसं ओळखावीत असं, शिस्तीत चालणारं, कुणाकडेही न बघणारं. साडेसहाला मावशी मला तिथेही घेऊन गेली. स्वच्छ होतं, शांत होतं, आणि मला दहा मिनिटांत कंटाळा आला. पृथ्वी थिएटरला नाटकाचं तिकीट मिळालं नाही, नुसता सुलेमानी चहा पिऊन परतलो.

निघताना मावशी म्हणाली, “पुढच्या वेळी अनंत चतुर्दशीला ये, मग दाखवते तुला जुहू.” मी हो म्हटलं नाही. पण परतीच्या गाडीत भाद्रपद कधी येतो ते कालनिर्णयमध्ये बघितलं.