क्वाईच्या पुलावर काय पाहिले?

‘‘नुसता एक पूल पाहायला तुम्ही कांचनाबुरीपर्यंत गेलात, तिथे पाहण्यासारखे आहे तरी काय?’’ हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. तुम्हीही विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

थायलंडमधील कांचनाबुरी शहराजवळचा, क्वाई नदीवरचा हा पूल तसा साधाच आहे. पोलादी सांगाड्यावरून आजही आगगाडी जाते आणि ती आली की रुळांवरून चालणारी माणसे कडेला अंग चोरून उभी राहतात. त्याचे बहुतेक जुने गाळे वरून कमानदार आहेत, मधले दोन मात्र सरळ कडांचे. कमानदार गाळे दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने जावाहून आणून १९४३ मध्ये बसवले. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत पडलेल्यांच्या जागी सरळ गाळे युद्धानंतर आले. जिथे कमान संपते आणि सरळ कड सुरू होते, तिथे मी बराच वेळ थांबलो. मला वाटते, युद्ध तिथेच डोळ्यांना दिसते.

पण माणसे पुलावर दिसत नाहीत. बान पोंग ते ब्रह्मदेशातील थान्ब्यूझयात हा या पुलावरून जाणारा सुमारे ४१५ किलोमीटरचा लोहमार्ग जपानी सैन्यासाठी उभारताना त्याच्या ताब्यातील १२,००० हून अधिक युद्धकैदी पटकी, हगवण, हिवताप आणि उपासमारीने मेले. मलायातील तमिळ, ब्रह्मी, जावानीज अशा आशियाई मजुरांतील मृतांची संख्या याच्या कितीतरी पट होती, आणि त्यांतील बहुतेकांची नावेही कोणी लिहून ठेवली नाहीत, हे मला आजही सहन होत नाही.

शहरातील युद्ध दफनभूमीत सुमारे ७,००० सैनिकांची स्मृती जपली आहे. हिरवळीतल्या बुटक्या दगडांवर धातूच्या पट्ट्या आहेत. त्यांवर नाव, पलटण, मृत्यूची तारीख आणि वय. बाविशी-तेविशीतली वये एकामागून एक वाचत गेलो, तशी माझी पावले मंदावली. प्रवेशद्वाराच्या इमारतीत अविभाजित भारताच्या सैन्यातील ११ जणांची नावे आहेत. थायलंडमधील मुस्लिम दफनभूमींत त्यांना पुरले होते, पण त्या कबरींची निगा राखणे शक्य झाले नाही. आपल्याकडच्या मातीतली ही माणसे तिथे भेटतील, अशी मला कल्पना नव्हती. ती ११ नावे मी हलक्या आवाजात, एकेक करून वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पुलावर गेलो, तेव्हा छायाचित्र काढले नाही.