डेबियन टाकलं, आता एपीटी सीडी मागतंय

लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या जुन्या लॅपटॉपवर भाच्याने डेबियन 12 (लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं. पहिलंच पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअर, घ्यायला गेला तर एपीटी (पॅकेजेस आणून बसवणारं साधन) म्हणे, डिस्क घाला. लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही! "मामा, आता सीडी कुठून आणू?"

परळच्या खोलीत नेटची बोंब, म्हणून इन्स्टॉल करताना त्याने मिरर, म्हणजे पॅकेजेस देणारा नेटवरचा सर्व्हर, निवडलाच नव्हता. मग पॅकेजेस कुठून आणायची ते सांगणाऱ्या 'सोर्सेस डॉट लिस्ट' फाइलमध्ये सीडीरॉमची ओळ राहणारच. रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन फाइल उघडली, त्या ओळीआधी हॅश (#) टाकून ती बंद केली आणि मिररच्या ओळी लिहिल्या: मुख्य, अपडेट्स, सिक्युरिटी.

सिक्युरिटीची ओळ जुन्या लेखांतून उचलू नका. डेबियन 10 पर्यंत तिथे 'बस्टर/अपडेट्स' असं लिहायचे. 11 पासून ते 'बुल्सआय-सिक्युरिटी' झालं, म्हणजे 12 ला 'बुकवर्म-सिक्युरिटी' (बस्टर, बुल्सआय, बुकवर्म ही 10, 11, 12 ची टोपणनावं). जुन्या पद्धतीने लिहिलंत तर रिलीज फाइल नाही म्हणून एपीटी कुरकुरतं.

आणखी एक. वायफायचं फर्मवेअर (वायफायची चिप चालवणारं सॉफ्टवेअर) 12 पासून 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या वेगळ्या विभागात गेलंय. त्या ओळींत 'मेन' या मुख्य विभागाच्या शेजारी तेही लिहा.

मग 'एपीटी अपडेट' ही कमांड दिली, बिनबोभाट चालली. सध्या भाचा अख्खं केडीई (डेस्कटॉप) उतरवतोय, माझ्या हॉटस्पॉटवर.