मामांचे राजेंद्रबाबू

मामा गेले तेव्हा त्यांच्या दोन खोल्यांत पाच ट्रंका, दोन लोखंडी कपाटं आणि बुटांचे अकरा खोके एवढे राजेंद्रबाबू होते. राजेंद्रबाबू म्हणजे डॉ. राजेंद्र प्रसाद, आपले पहिले राष्ट्रपती. मामा इतिहासाचे प्राध्यापक. १३ मे १९६२ ला राजेंद्रबाबू निवृत्त झाले आणि राष्ट्रपती भवन सोडून पाटण्याला सदाकत आश्रमात राहायला गेले, तेव्हा मामा कॉलेजात होते. निवृत्तीच्या निमित्ताने टपाल खात्याने पंधरा नव्या पैशांचं तिकीट काढलं. ते त्यांनी वहीत चिकटवलं. तेव्हापासून जे सुरू झालं ते साठ वर्षं थांबलं नाही.

"नेहरूंवर लिहिणारे पायलीचे पन्नास आहेत," मामा म्हणायचे. "आमच्या बाबूंकडे कोण बघतंय?" त्यावर मामी आतून, "आणि आमच्याकडे?"

वाडा बिल्डरकडे गेला होता. दिवाळीपर्यंत खोल्या रिकाम्या करून द्यायच्या होत्या. मामेभाऊ कॅनडात, मामींचे गुडघे गेलेले, म्हणजे काम माझ्यावर. मी बँकेतली. मला वाटलं, फायली लावणं हे तर आपलं रोजचंच.

आधी रद्दीवाल्याला बोलावलं होतं हे कबूल करते. त्याने कपाट उघडलं, एक केसरी हातात घेतला, त्याच्या कडेचा तुकडा खाली पडला. "ताई, पुस्तकांचं बघू. हे पेपर नको, घरी नेईपर्यंत भुगा होईल." त्याने नाही म्हटलं म्हणून संग्रह वाचला, माझ्या शहाणपणामुळे नव्हे.

मग संस्थांना पत्रं. एका ठिकाणाहून सहा आठवड्यांनी फोन आला, "यादी पाठवा." दोन महिने खपून यादी पाठवली तर उत्तर आलं की जागा नाही, निवडक वीस पुस्तकं घेऊ. दुसऱ्या ठिकाणी सगळं घ्यायला तयार होते, पण कपाटं आम्ही द्यायची आणि देखभालीसाठी रक्कमही. रक्कम ऐकून मामेभावाने फोनवर नुसतं "अच्छा" म्हटलं. तिसऱ्या संस्थेतल्या अभिलेख विभागाच्या बाई म्हणाल्या, "यादी नको. मी येऊन बघते."

त्या यायच्या म्हणून मी घर आवरलं. इथेच माती खाल्ली.

मामांच्या खाकी कव्हरांत सगळी सरमिसळ होती. १९१७ चं चंपारण १९५४ च्या मासिकाशेजारी, १९५१ ची कात्रणं १९६० च्या भाषणाखाली. मी आठ रविवार बसून सगळे कागद सालवार लावले. नवीन प्लॅस्टिकचे फोल्डर आणले, वर लेबलं. जुनी मळकी कव्हरं काढून टाकली.

बाई आल्या. ट्रंकेचं झाकण उघडून आधी वास घेतला. "डांबरगोळ्या. बरं. खिडकी उघडता का?" मग पहिला फोल्डर काढला, दुसरा काढला, तिसरा. "हे असंच होतं?"

"नाही हो, मी लावून घेतलंय. आधी नुसता गोंधळ होता."

त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. रागावल्या नाहीत, त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं. "ज्याने जमवलं त्याने जसं ठेवलं तसं राहू द्यायचं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे हा पहिला नियम. पुस्तकं कुठेही मिळतील. कुठला कागद त्यांनी कशाशेजारी ठेवला, हे इथेच मिळणार होतं. जुनी कव्हरं आहेत का?"

मी मान हलवली. रद्दीत गेली असणार.

तेवढ्यात मामी म्हणाल्या, "कसली, खाकी? ती मी फळ्यांवर घातलीत."

स्वयंपाकघरात गेलो. डाळींच्या डब्यांखाली, तिखटाच्या बरणीखाली, लोणच्याखाली, सगळीकडे मामांची कव्हरं, पालथी. डबे उतरवले. प्रत्येकावर मामांचं टपोरं अक्षर: चंपारण. मुंबई १९३४. वर्धा. घटना समिती. जेल. आजारपण. आणि गोड्या मसाल्याचा गोल डाग पडलेलं एक कव्हर: न पटलेले.

"हे काय?" बाईंनी विचारलं. मामींना माहीत नव्हतं. मला तर नव्हतंच.

म्हणजे नावं मिळाली, पण कुठल्या नावात कुठले कागद? बाईंनी एक कागद उचलून खिडकीशी धरला आणि मला डावा कोपरा दाखवला. दोन तपकिरी ठिपके. मामा टाचण्या लावायचे, स्टेपलर त्यांच्याकडे नव्हताच. पावसाळ्यागणिक टाचणी गंजते आणि गंज खालच्या कागदात उतरतो, त्याच्या खालच्या कागदात थोडा फिका. एका गठ्ठ्यातल्या सगळ्या कागदांवर ठिपके नेमके त्याच जागी, तेवढ्याच अंतरावर. क्लिप लावली असेल तर तिच्या वेटोळ्याचा डाग. "जुळवा," बाई म्हणाल्या. "पत्त्यांसारखं."

पुढचा महिनाभर मी बँकेतून परस्पर मामींकडे जायची. टेबललॅम्प, भिंग, चहा. ठिपक्याला ठिपका लावायचा, उजेडात धरायचा. गडद ते फिकं अशी उतरंड लागली की गठ्ठ्यातला क्रमही कळायचा. मामी शेजारी बसून शेंगा सोलत. "हा नाही गं, याचा डाग बघ कसा वर आहे," असं त्याच मला सांगायला लागल्या. अर्ध्याहून जास्त गठ्ठे परत जुळले. बाकीचे नाही जुळले, आणि त्याला मीच कारण आहे.

'मुंबई १९३४' सगळ्यात आधी लागला. त्या वर्षीचं काँग्रेसचं मुंबई अधिवेशन राजेंद्रबाबूंच्या अध्यक्षतेखाली झालं, त्याची मराठी कात्रणं मामांनी जुन्या बाजारातून एकेक करून मिळवली होती. 'वर्धा' जाडजूड निघाला. राजेंद्रबाबूंना दम्याचा त्रास होता आणि वर्ध्याला त्यांचं जाणंयेणं, राहणं बरंच होतं.

'न पटलेले' शेवटी लागला. त्यात सोमनाथ होतं. मे १९५१, नेहरूंची नापसंती असूनही राष्ट्रपती मंदिराच्या प्रतिष्ठापनेला गेले. त्याखाली हिंदू कोड बिल, हिंदू बायकांना वारसा आणि घटस्फोटाचे हक्क देऊ पाहणारं: सप्टेंबर १९५१ मध्ये राजेंद्रबाबूंनी पंतप्रधानांना कळवलं की या बिलाबाबत मी स्वतःच्या विचाराने वागू इच्छितो, आणि नेहरूंनी महान्यायवादी सेटलवाडांचा सल्ला घेतला, तो राष्ट्रपतींच्या विरुद्ध गेला. त्याखाली नोव्हेंबर १९६० चं दिल्लीतलं भाषण, राष्ट्रपतींच्या अधिकारांचा अभ्यास व्हावा असं सुचवणारं. तिन्हींच्या समासात मामांची पेन्सिल. हिंदू कोड बिलाच्या कात्रणावर लिहिलं होतं, "बाबू, इथे चुकलात. माझ्या आईला विचारायचं होतंत."

मामांची आई म्हणजे माझी आजी. नवऱ्यामागे दिरांच्या दयेवर राहिलेली. मी सालवार लावताना हे कात्रण १९५१ च्या फोल्डरात टाकलं होतं, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या बातम्यांमध्ये, आणि ते पेन्सिलीतलं वाक्य वाचलंही नव्हतं. मला आपले मामा भक्त वाटायचे. घरात सगळ्यांनाच वाटायचे.

अजून एक फजिती. 'घटना समिती'त मला ३० जून १९४७ चं पत्र सापडलं, राजेंद्रबाबूंनी मुंबई प्रांताचे प्रधानमंत्री (म्हणजे आताच्या भाषेत मुख्यमंत्री) बाळासाहेब खेर यांना लिहिलेलं. फाळणीमुळे बंगालमधली डॉ. आंबेडकरांची जागा गेली होती. त्यांचं घटना समितीतलं काम इतकं मोलाचं आहे की त्यांना मुंबईतून निवडून पाठवा, १४ जुलैच्या अधिवेशनाला ते हवेत, अशा आशयाचं. बॅ. जयकरांनी सोडलेल्या मुंबईच्या जागेवर मग बाबासाहेब निवडून आले. एवढं पत्र आपल्या घरात! मी तेव्हाच फोटो काढून मामेभावाला पाठवला, त्याने तिकडे मित्रांना. बाईंनी कागद उलटा केला आणि माझं बोट त्यावरून फिरवलं. "काही लागतंय?" गुळगुळीत. "टाइपरायटरची अक्षरं मागून हाताला लागतात. हा फोटोस्टॅट आहे." बुटाच्या खोक्यातलं कार्ड काढलं तर मामांनी स्वच्छ लिहून ठेवलं होतं: 'प्रत. मूळ नव्हे.' मामेभावाला कळवायला मी दोन दिवस घेतले.

ते खोके मी हलवले नव्हते, कारण वर बुटांचं चित्र होतं आणि आत बूट असतील असं मी धरून चालले होते. आत पाच बाय तीनची कार्डं निघाली, माणसांच्या नावाने लावलेली, हजारांनी. कुठलं कात्रण कुठून आणलं, मूळ की नक्कल, कोणी दिलं. पुढे माझी सगळी यादी त्यावरून झाली.

बाकीचं काम हमालीचं. गंजलेली टाचणी ओढायची नाही, खाली कागदाची पातळ पट्टी सरकवून सैल करायची. सेलोटेपला हात लावायचा नाही. मामांनी हौसेने लॅमिनेट केलेली पंधरावीस पानं बघून बाईंनी कपाळाला हात लावला. ते आता सुटत नाही. फॅक्सचे कागद कोरे झाले होते. कसर आणि वाळवी लागलेला भाग वेगळ्या पेटीत, धुरी दिल्याशिवाय इमारतीत न्यायचा नाही.

मग दानपत्र. मामी आणि मामेभाऊ दोघं वारस, म्हणून त्याची ना हरकत तिकडच्या आपल्या उच्चायुक्तालयातून साक्षांकित करून यायला पाच आठवडे लागले. एक कलम मला उमगेना: हक्क कोणाचे? बाईंनी सांगितलं, कागद तुमचा, मजकूर लिहिणाऱ्याचा. बिहारमधल्या लोकांनी मामांना लिहिलेली पत्रं आम्ही देऊ शकतो, छापायची परवानगी देऊ शकत नाही. राजेंद्रबाबू १९६३ मध्ये गेले, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं धरतात, त्यामुळे त्यांच्या हयातीत छापलेली पुस्तकं १ जानेवारी २०२४ पासून मोकळी. हयातीत न छापलेल्या लिखाणाचा हिशेब वेगळा, तिथे साठ वर्षं पहिल्या छपाईपासून मोजतात. मामेभावाला दालनाला मामांचं नाव हवं होतं. संस्थेचे लोक नाही म्हणाले. सूचीत 'संग्राहक' म्हणून नाव येईल, एवढंच. दुबार प्रती काढून टाकायचा अधिकार त्यांनी मागितला, तो आम्ही दिला, आणि मला तेव्हा बरंच लागलं.

खाकी कव्हरंही गेली, मसाल्याच्या डागासकट. बाईंनी डाग पुसू दिला नाही.

टेम्पो भरून झाला तेव्हा मामी जिन्यात उभ्या होत्या. "ती हिरवी ट्रंक परत पाठवायला सांग. माझ्या लग्नातली आहे, माझ्या गोधड्या त्यात असायच्या. यांच्या बाबूंनी काढल्या बाहेर."

ट्रंक तीन आठवड्यांनी आली, आतून पुसलेली. झाकणावर संस्थेची चिठ्ठी होती, 'पेटी क्र. ३'. मामींनी ती नखाने काढायचा प्रयत्न केला, निघाली नाही, मग तशीच ठेवून गोधड्या भरल्या.