दोरीच्या अल्याड-पल्याड : मेम्फिसमधले रॉकचे श्रोते

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात नॅशव्हिलहून मेम्फिस गाडीने तीन-सव्वातीन तासांवर आहे. आय-४० महामार्ग सरळसोट, दोन्ही बाजूंना दाट झाडी, अधूनमधून ट्रकवाल्यांचे थांबे. दादा-वहिनींना सुट्टी मिळेना, म्हणून गाडी चालवायला भाचा आला. तो इथेच जन्मलेला, गिटार वाजवणारा, हेवी मेटल ऐकणारा. पोटात इडल्या आणि गाडीत त्याची गाणी, असे आम्ही निघालो.

"आत्या, तुला एल्विस इतका आवडतो?" त्याने विचारलं.

आवडतो, पण माझं कुतूहल वेगळं होतं. एल्विस प्रेस्ली हा गोरा गायक आणि बी. बी. किंग, रूफस थॉमस हे कृष्णवर्णीय गायक, या मेम्फिसच्या मंडळींना ऐकायला कोण येत होतं, कुठे बसत होतं, आणि कोणाच्या शेजारी बसण्याची परवानगी होती, हे मला त्या जागांवर उभं राहून समजून घ्यायचं होतं.

मी मुंबईची. धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेन्डन्स रॉक हा रॉक बँडचा महोत्सव व्हायचा, तेव्हा माहीम, वसई, डोंबिवलीहून आलेल्या काळ्या टीशर्टांच्या गर्दीत मीही उभी असायचे. सगळे आपल्यासारखेच दिसणारे. या संगीताला रंग असतो असं मनातही आलं नव्हतं. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला फारूख बलसारा पुढे क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी झाला, याचा आम्हाला कोण अभिमान! मग अमेरिकेत पहिल्यांदा एका मोठ्या रॉक कॉन्सर्टला गेले आणि जिथवर नजर जाईल तिथवर गोरेच गोरे. कोणी वाईट वागलं नाही, पण आपण पाहुणे आहोत हे क्षणभरही विसरता आलं नाही. हे मी भाच्याला सांगितलं, तर तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "मी आत शिरलो की आधी मोजतो. आपल्यासारखे किती, ब्लॅक किती. सवयच लागलीय."

'कृष्णवर्णीयांना रॉक आवडत नाही' असं लोक सहज बोलून जातात, जणू तो आवडीनिवडीचा मामला आहे. मला ते कधीच पटलं नाही, आणि मेम्फिस पाहिल्यावर तर अजिबात पटत नाही.

७०६, युनियन अव्हेन्यू. कोपऱ्यावरची विटांची छोटीशी इमारत म्हणजे सन स्टुडिओ. सॅम फिलिप्सने इथे जानेवारी १९५० मध्ये ध्वनिमुद्रणाचा धंदा सुरू केला. वर छोटं संग्रहालय, खाली प्रत्यक्ष स्टुडिओ. खोली आपल्याकडच्या शाळेच्या वर्गाएवढीही नाही. छताला आणि भिंतींना आवाज शोषणाऱ्या पांढुरक्या फरश्या, छताचा आकार उलटसुलट उतरणींचा, जमिनीवर एल्विस जिथे उभा राहायचा तिथे फुली. लोक त्या फुलीवर उभे राहून फोटो काढत होते. मला मात्र गाईडने त्याआधी ऐकवलेल्या गाण्याने धरून ठेवलं. मार्च १९५१ मध्ये आयक टर्नरच्या बँडने इथे 'रॉकेट ८८' वाजवलं. रेकॉर्डवर नाव सॅक्सोफोनवाल्या जॅकी ब्रेन्स्टनचं लागलं. अ‍ॅम्प्लिफायरचा स्पीकर वाटेत बिघडला होता, सॅमने त्यात कागद कोंबला आणि तसाच वाजवायला लावला. गिटारचा तो फाटका, खरखरता सूर कानावर पडताच भाच्याने माझा दंड धरला. त्याच्या गिटारच्या पेडलवर तो रोज पायाने जो आवाज काढतो, त्याचा हा पूर्वज. वाजवणारे सगळे कृष्णवर्णीय होते. आमच्या त्या फेरीत मात्र वयस्क गोरी जोडपी होती, दोन जपानी मुलं होती, आणि आम्ही.

एल्विसचं पहिलं गाजलेलं गाणं याच खोलीत ५ जुलै १९५४ ला मुद्रित झालं. मूळ गाणं आर्थर क्रडप या कृष्णवर्णीय गायकाचं, ब्लूज या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या गायनशैलीतलं. काही दिवसांत ड्यूई फिलिप्स या निवेदकाने ते डब्ल्यूएचबीक्यू रेडिओवर लावलं, फोन खणखणू लागले, आणि त्याच रात्री त्याने एल्विसला बोलावून घेतलं. मुलाखतीत त्याने एक साधा प्रश्न विचारला : शाळा कोणती? एल्विस म्हणाला, ह्यूम्स हायस्कूल. त्या काळी शाळा रंगानुसार वेगळ्या असल्यामुळे एवढ्या उत्तरावरून अख्ख्या शहराला कळलं की गाणारा मुलगा गोरा आहे. तोवर ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना तो कृष्णवर्णीय वाटला होता.

मला या सगळ्या कहाणीत रेडिओ सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९४८ मध्ये मेम्फिसच्याच डब्ल्यूडीआयए केंद्राने नॅट विल्यम्स या कृष्णवर्णीय शिक्षकाला निवेदक म्हणून आणलं आणि पाहता पाहता सगळे कार्यक्रम कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी करायला सुरुवात केली. असं करणारं ते देशातलं पहिलं केंद्र. बी. बी. किंग तिथे निवेदक होता. १९५४ मध्ये केंद्राची ताकद ५०,००० वॉट झाली आणि मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांपर्यंत आवाज पोहोचू लागला. आता त्या लहरी गोऱ्यांच्या वस्तीत शिरू नयेत म्हणून कोण काय करणार? बसमध्ये बाकं वेगळी करता येतात, नळ वेगळे करता येतात. रेडिओची खुंटी मात्र ज्याच्या हातात, तो राजा. गोरी मुलं दार लावून डब्ल्यूडीआयए ऐकत होती, आणि ड्यूई फिलिप्स गोरा असूनही दोन्हीकडची गाणी एकापाठोपाठ लावत होता. कान आधी एकत्र आले, माणसं नंतर.

माणसं एकत्र यायला लागली तेव्हा दोरी आली. ही खरीखुरी दोरी होती. दक्षिणेतल्या सभागृहांत नाचाच्या जागेच्या मधोमध ती बांधायचे, एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला कृष्णवर्णीय, आणि मध्ये पोलीस. कुठे एक रंग खाली आणि दुसरा सज्जात. कुठे एकाच कलाकाराचे एकाच रात्री दोन वेगळे कार्यक्रम. त्या काळातल्या वादकांच्या आठवणींत एक प्रसंग पुन्हा पुन्हा येतो : गाणं रंगात आलं की दोरी खाली पडते आणि नाचणारे एकमेकांत मिसळतात. व्यवस्था चालवणाऱ्यांना हीच भीती होती. एप्रिल १९५६ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये नॅट किंग कोल हा कृष्णवर्णीय गायक गोऱ्या श्रोत्यांसमोर गात असताना वर्णद्वेष्ट्यांनी मंचावर चढून त्याच्यावर हल्ला केला. तो तर रॉक गातही नव्हता.

बील स्ट्रीटवर अर्नेस्ट विदर्स या छायाचित्रकाराच्या कामाचं दालन आहे. रस्त्यावर दिवसाही बारमधून ब्लूज ऐकू येत असतं, पर्यटकांची झुंबड असते, पण आत गेलं की आपोआप पावलं मंदावतात. सफाई कामगारांच्या १९६८ च्या संपाचं, 'मी माणूस आहे' अशा फलकांच्या रांगेचं त्याचं छायाचित्र जगभर माहीत आहे. मी मात्र जास्त वेळ थांबले ती नाचघरांतल्या छायाचित्रांपाशी. घामाने पाठीला चिकटलेले शर्ट, मिटलेले डोळे, टेबलाच्या कडेशी सोडलेली पर्स. कलाकाराचा फोटो कोणीही काढतं. विदर्सने ऐकणाऱ्यांचे काढले, म्हणून आज कळतं की त्या खोलीत कोण होतं.

आणि बी. बी. किंगच्या शेजारी उभा असलेला तरुण एल्विस. डब्ल्यूडीआयए दर डिसेंबरात गरीब मुलांच्या मदतीसाठी गुडविल रिव्ह्यू नावाचा कार्यक्रम करायचं. १९५६ मध्ये एल्विस तिथे पडद्यामागे उभा होता. करारामुळे त्याला गाता येत नव्हतं. शेवटी रूफस थॉमसने त्याचा हात धरून त्याला मंचावर आणलं, त्याने जरासा पाय हलवला, आणि कृष्णवर्णीय मुली किंचाळत मंचाकडे धावल्या. नॅट विल्यम्सने नंतर आपल्या स्तंभात या किंचाळण्यावर अस्वस्थ होऊन लिहिलं. त्याची अस्वस्थता मला समजते. आपलंच संगीत, आपल्याच मुली, आणि कौतुक त्याचं ज्याच्यासाठी सगळी दारं आधीच उघडी आहेत. पण त्या मुलींचंही मला पटतं. गाणं त्यांच्या ओळखीचं होतं आणि आवडलं तर ओरडायचा हक्क त्यांचा होता.

१९६४ मध्ये सार्वजनिक जागी रंगावरून भेद करायला बंदी घालणारा नागरी हक्क कायदा आला. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या गेटर बोल मैदानात बीटल्सचा कार्यक्रम होता. प्रेक्षक रंगानुसार वेगळे बसवणार असाल तर वाजवणार नाही, असं त्यांनी आधीच जाहीर केलं. प्रेक्षक एकत्र बसले. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या काऊ पॅलेस सभागृहाच्या करारात ही अट चक्क लिहूनच घेतली.

इथून पुढे सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. झालं उलटंच, आणि त्याचा धागा मेम्फिसच्याच मॅकलेमोर अव्हेन्यूवर सापडतो. स्टॅक्स रेकॉर्ड्स या गाण्यांच्या रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीने १९६० मध्ये एका जुन्या चित्रपटगृहात स्टुडिओ थाटला. त्यांचा घरचा बँड बुकर टी. अँड द एम.जी.'ज म्हणजे दोन कृष्णवर्णीय आणि दोन गोरे. बाहेर शहरात एका टेबलावर बसणं अवघड, म्हणून गप्पा मारायला आणि गाणी रचायला ते लॉरेन मोटेलवर जायचे. त्याच मोटेलच्या गॅलरीत ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. आता तिथे नागरी हक्क संग्रहालय आहे. त्या गॅलरीखाली उभं राहिल्यावर मला गाण्यांविषयी काही सुचेना. आम्ही दोघंही बराच वेळ बोललो नाही.

त्या हत्येनंतर स्टॅक्समधला मोकळेपणा पूर्वीसारखा राहिला नाही, असं तिथे काम केलेल्यांनीच सांगून ठेवलंय. आणि व्यापारानेही आपली दोरी बांधली : गोऱ्यांसाठी रॉकची एफएम केंद्रं, कृष्णवर्णीयांसाठी त्यांच्याच सोल नावाच्या गाण्यांची. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरीच्या संगीत महोत्सवात ओटिस रेडिंग आणि जिमी हेंड्रिक्स या कृष्णवर्णीय कलाकारांनी जवळजवळ पूर्ण गोऱ्या गर्दीला वेड लावलं, पण मंचावर जे घडलं ते मंचासमोर घडलं नाही. १९८१ मध्ये गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारं एमटीव्ही आलं, तर सुरुवातीला त्यावर कृष्णवर्णीय कलाकार शोधावे लागत. १९८३ मध्ये डेव्हिड बोवी या ब्रिटिश रॉकगायकाने एमटीव्हीच्याच निवेदकाला मुलाखतीत याचा जाब विचारला. शेवटी १९८५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये व्हर्नन रीड, ग्रेग टेट आणि कोंडा मेसन यांना ब्लॅक रॉक कोअलिशन ही कृष्णवर्णीय रॉक कलाकारांची संघटना उभारावी लागली. ज्यांनी हे संगीत जन्माला घातलं, त्यांच्याच नातवंडांना 'आम्हीही रॉक वाजवतो' हे पटवून द्यावं लागावं, याचा मला मनापासून राग येतो.

संध्याकाळी ओव्हरटन पार्कच्या खुल्या रंगमंचावर गेलो. शिंपल्यासारखा हा मंच १९३६ चा, एल्विस इथे ३० जुलै १९५४ ला गायला होता. आता इथे फुकट कार्यक्रम होतात. हिरवळीवर सतरंज्या, घडीच्या खुर्च्या, बर्फाच्या पेट्या, पळणारी पोरं. मंचावर गिटारांचा दणदणीत रॉक बँड, आणि समोर सगळ्या रंगांची माणसं. शहराची ६० टक्क्यांहून अधिक वस्ती कृष्णवर्णीय आहे, म्हणजे तिकीट नसलं आणि जागा गावाच्या मधोमध असली की गर्दी गावासारखी दिसते. साधी गोष्ट आहे, पण मोठ्या कॉन्सर्टवाल्यांनी इथे येऊन बघावी.

शेजारच्या खुर्चीत ऐंशीच्या घरातले एक कृष्णवर्णीय गृहस्थ होते. लहानपणी याच बागेतल्या प्राणिसंग्रहालयात आम्हाला आठवड्यातून एकच दिवस येता यायचं, असं त्यांनी सांगितलं. आई डब्ल्यूडीआयए ऐकायची, हे रात्री ड्यूई फिलिप्सला. भाच्याने विचारलं, नंतर रॉकला जायचात का? तर म्हणाले, १९७० मध्ये मिड-साऊथ कोलिजियममध्ये लेड झेपेलिन हा ब्रिटिश रॉक बँड पाहिला. आम्ही चौघं मित्र होतो. गर्दीत आपलं कोणी दिसलं की लांबूनच हात वर करायचो.

"मीपण करतो," भाचा म्हणाला.

"मग समोरचा करतो का वर?"

"करतो."

आजोबा खूश झाले. मग दोघांची जुंपली ती झेपेलिनने कोणत्या ब्लूजवाल्याचं काय काय उचललं यावर. बँड पुन्हा सुरू झाला तरी त्यांचं संपेना. पुढच्या रांगेतल्या बाई दोनदा वळून बघून गेल्या, तेव्हा कुठे आजोबांनी फोन काढला आणि हाऊलिन' वुल्फ या ब्लूजगायकाच्या कोणत्या रेकॉर्ड आधी ऐकायच्या, त्याची यादी भाच्याला लिहून द्यायला सुरुवात केली.