फलाटावरची पंचवीस मिनिटं

गर्दीची आणि गोंगाटाची धास्ती घेतलेल्या माणसांबरोबर मी समुपदेशक म्हणून काम करते. बरंचसं काम खोलीत, समोरासमोर बसून होतं, पण कधीतरी बाहेर पडावंच लागतं. त्या दिवशी मी एका ताईंबरोबर महानगरातल्या भुयारी मेट्रोच्या फलाटावर उभी होते. त्यांची लेक त्याच शहरात राहते. नात आठ महिन्यांची झाली तरी ताईंनी तिला फक्त मोबाइलवर पाहिलं होतं.

चार वर्षांपूर्वी याच शहरात, भर गर्दीत त्यांचा जीव घाबरा झाला होता. हृदयाच्या सगळ्या तपासण्या नीट आल्या, पण भीती बसली ती बसलीच. आधी शहर सुटलं, मग बाजार, मग बस. कार्ल वेस्टफाल नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८७१ साली, मोकळा चौक ओलांडताना पाय लटपटणाऱ्या रुग्णांविषयी लिहिलं आणि त्या त्रासाला ‘अ‍ॅगोराफोबिया’ हे नाव दिलं, म्हणजे जिथून पटकन सुटता येणार नाही असं वाटतं त्या मोकळ्या किंवा गर्दीच्या जागांची भीती, असं मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. त्या कितीतरी वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे माझ्यासारखे लोक तेव्हापासून आहेत?”

पंधरा दिवसांपूर्वी आम्ही इथे एकदा येऊन गेलो होतो. सातव्या मिनिटाला त्या रडायला लागल्या आणि मला ते बघवलं नाही. हाताला धरून मी त्यांना वर घेऊन आले. मोकळ्या हवेत त्यांना लगेच बरं वाटलं आणि घोटाळा तिथेच झाला. भीती ऐन भरात असताना पळ काढला की शरीर एवढंच शिकतं, पळालो म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी त्यांना घराजवळच्या बसथांब्यापर्यंतही जाता आलं नाही. ती चूक माझी होती, मी तसं त्यांना सांगितलंही.

या वेळी आमचं ठरलं होतं, भीती उतरायला लागेपर्यंत जागा सोडायची नाही. शून्य म्हणजे शांत, शंभर म्हणजे आजवरची सगळ्यात मोठी भीती. आकडा त्यांनी दर दोन मिनिटांनी वहीत लिहायचा.

४०. ६५. मग गाडी आली. आवाज त्यांच्या मनाचा खेळ नव्हता, हे मला आवर्जून सांगायचंय. साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं, आणि भुयारात गाडी शिरताना आवाज ९० च्या पुढे जाऊ शकतो. दर दहा डेसिबलला कानाला तो जवळपास दुप्पट वाटतो. त्यात चारही बाजूंनी माणसांचे धक्के.

८५. ९५. पेन्सिल खाली पडली. त्यांच्या उजव्या हाताची बोटं आत वळून ताठ झाली होती, अंगठा तळहातात रुतलेला. “मॅडम, लकवा... लकवा मारला मला.”

“नाही ताई. श्वास फार भरभर चाललाय. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग बोटं अशी आखडतात, ओठांना मुंग्या येतात. श्वास सावकाश सोडा. घाई नाही.”

“चला ना वर.” हे त्या तीनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा माझीही नजर जिन्याकडे गेली. मी नुसतं विचारलं, “आणखी दोन मिनिटं?” त्यांनी डोळे मिटून मान हलवली.

मी पेन्सिल उचलून दिली. त्यांनी डाव्या हातानं, वाकड्यातिकड्या अक्षरात पुन्हा ९५ लिहिलं. मग ८०. पुढचा आकडा लिहायच्या आधी त्या वहीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “अहो, उतरतंय. मी काहीच केलं नाही, तरी उतरतंय.”

बोटं एकेक करून सुटत गेली. ६०. ४५. कानात घालायचे फोमचे बोळे अख्खा वेळ त्यांच्या पर्समध्येच होते.

पंचविसाव्या मिनिटाला आकडा ३० वर आला. मी म्हटलं, “निघू या?”

ताईंनी बोगद्याकडे पाहिलं. लांबून दिवे दिसायला लागले होते.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “ही एक गाडी जाऊ दे. पुढच्या गाडीत चढू. लेकीचं स्टेशन तिसरंच आहे.”