अर्जात पट्टीचा रकाना नव्हता

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या भागात दर हिवाळ्यात संगीत महोत्सव भरतो आणि त्यातली एक संध्याकाळ परिसरातल्या हौशी गायकांसाठी राखून ठेवलेली असते. गेल्या वर्षी त्या संध्याकाळी मी प्रथमच लोकांसमोर बसून गायले. गाणे बरे झाले, आणि शाबासकीच्या बाबतीत हात आखडता घेणाऱ्या आमच्या गाण्याच्या बाईंनीही मान डोलावली. तरीही त्या दिवसाची आठवण निघाली की मला आधी आठवतो तो महोत्सवाचा अर्ज, कारण साथसंगतीच्या गाण्याचा सारा डोलारा ज्या माहितीवर उभा असतो, नेमकी तेवढीच, म्हणजे गायकाची पट्टी (ज्या सुराला 'सा' मानून तो गातो तो सूर), त्यात विचारलेली नव्हती.

अर्ज मोबाइलवर भरायचा होता. नाव, पत्ता, वय, ओळखपत्राचा फोटो, गाण्याचा प्रकार आणि शेवटी 'कराओके ट्रॅकची लिंक' असे रकाने होते. शेवटच्या रकान्यापुढे लाल फुली होती आणि तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. मला पेटी-तबल्यावर गायचे होते. समितीतल्या एका कार्यकर्त्याला फोन केला, तेव्हा "काकू, काहीतरी टाकून द्या, नंतर बघू" असे उत्तर मिळाले, म्हणून मी नुसत्या तानपुऱ्याची लिंक देऊन अर्ज पाठवला. 'शेरा' या रकान्यात मात्र 'पट्टी काळी चार, पेटी-तबल्याची साथ हवी' असे स्वच्छ लिहिले (काळी चार म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी). पुढे निवड झाली, 12 मिनिटे मिळाल्याचा निरोप आला, आणि यमन रागातली मध्यलयीची बंदिश व त्यानंतर भीमपलासच्या अंगाने जाणारा एक अभंग असे बाईंनी ठरवून दिले.

कार्यक्रमाच्या दिवशी मंडपामागे पोहोचले, तेव्हा साथीला आलेला तरुण हातोडीने गठ्ठे ठोकत तबला सुरात लावत होता. कानावर पडलेला सूर काळी एकचा होता. हे वाचणाऱ्या सर्वांना तबल्याची माहिती असेलच असे नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. पुरुष बहुधा काळी एक, पांढरी दोन अशा पट्ट्यांत गातात आणि त्यांच्यासाठी लहान तोंडाचा, साधारण 5.5 इंचांचा तबला चालतो. बायकांच्या काळी चार-पाचला षड्जात (म्हणजे 'सा'मध्ये) लावायचा, तर सहा इंचांच्या वरचा, मोठ्या तोंडाचा आणि खालच्या सुरात बोलणारा तबला लागतो. एकच तबला ताणून किंवा उतरवून थोडा इकडेतिकडे सरकवता येतो, पण काळी एकचा तबला काळी चारला आणणे कोणाच्याही हातात नसते. मी त्या मुलाला विचारले, तेव्हा तोच बिचारा ओशाळला. "ताई, बहुतेक सगळे ट्रॅकवर गाणार आहेत, दोघंतिघंच लाइव्ह आहेत, एवढंच मला सांगितलं होतं. पट्टी कोणी सांगितलीच नाही. माहीत असतं तर दोन्ही तबले आणले असते."

माझा शेरा कोणी वाचलाच नव्हता. समितीतले जे गृहस्थ मंडपामागची व्यवस्था पाहत होते, त्यांच्यापुढे मी ही अडचण मांडली, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, "अ‍ॅपमध्ये एक बटण दाबलं की स्केल बदलतं, मग तबल्याचं का नाही बदलत?" गायक पं. राम मराठे ज्या शहरात राहिले आणि ज्यांच्या स्मरणार्थ इथली महापालिका संगीत समारोह भरवते, त्या शहरातल्या संगीत महोत्सवाच्या व्यवस्थापकाने हा प्रश्न विचारावा, याचा राग अजून गेलेला नाही.

उपाय अनेक निघाले आणि प्रत्येकाची तपासणी मंडपामागेच, पलीकडे कराओकेचा दणदणाट चालू असताना झाली. काळी चारचा पंचम ('प') काळी दोनवर येतो, तेव्हा तबला तिथपर्यंत चढवून पंचमात लावता आला असता; परंतु एवढा ताण दिला तर पुडी (तबल्यावरचे कातडे) फाटेल, असे तो मुलगा म्हणाला आणि त्याचे म्हणणे रास्त होते. मी काळी तीनला उतरावे, म्हणजे त्याच तबल्याचा सूर आपोआप माझा पंचम होईल, हा दुसरा मार्ग. तसे गाऊन पाहिले, पण मंद्रात (खालच्या सुरांत) उतरताच आवाजाऐवजी हवाच येऊ लागली. मी काळी चारलाच राहिले तर तबला माझ्या शुद्ध मध्यमात ('म'मध्ये) बोलणार होता. अभंगाला ते चालले असते, पण यमनात मध्यम तीव्र असल्यामुळे प्रत्येक समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) नको असलेला शुद्ध मध्यम कानाशी वाजत राहिला असता. मोठ्या तोंडाच्या तबल्यासाठी त्या मुलाने पाचपाखाडीतल्या आपल्या गुरुबंधूला फोन लावला, तर तो स्वतःच दुसरीकडे साथीला बसलेला होता. हिवाळ्यातल्या शनिवारी रिकामा तबला मिळणार तरी कुठून?

पेटीवाले काका एवढा वेळ चहा पीत बसले होते. त्यांना कोणतीही पट्टी सारखीच, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावरची शांतता पाहूनही मला चीड येत होती.

अखेर बाई प्रेक्षकांतून उठून मागे आल्या, सगळे ऐकून घेतले आणि एका वाक्यात निकाल लावला : "यमन राहू दे, बागेश्री गा." बागेश्रीत मध्यमच वादी (रागातला मुख्य सूर), म्हणजे जो सूर इतका वेळ नडत होता तोच आता आधाराला येणार होता. तानपुऱ्याच्या अ‍ॅपमध्ये पहिली तार पंचमावरून मध्यमावर आणली आणि मागे शिकलेली बंदिश तिथेच उभ्याउभ्या दोन आवर्तने म्हणून घेतली. तेवढ्यात निरोप आला की पाहुण्यांचे सत्कार लांबल्यामुळे आणि रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक लावता येत नसल्यामुळे माझ्या 12 मिनिटांची आठ झाली आहेत. त्या क्षणी मला त्याचेही काही वाटले नाही.

प्रत्यक्ष गाण्याबद्दल एवढेच लिहिते की पहिल्या समेवर तबल्याची थाप आणि माझा मध्यम एकमेकांत असे मिसळले की त्या मुलाने माझ्याकडे पाहून मिश्किल हसून घेतले. सहीसही जुळले होते, याचा मला अभिमान आहे आणि तो लपवण्याचे कारण दिसत नाही.

साथीवर गाणाऱ्याने समितीच्या भरवशावर न राहता तबलजींचा क्रमांक मागून घ्यावा आणि आपली पट्टी व राग त्यांना स्वतः सांगावा. बागेश्री, भीमपलास, दुर्गा अशा, मध्यमातला तबला खपवून घेणाऱ्या एखाद्या रागातली बंदिश नेहमी तयार असावी. तानपुरा फोनवर लावणार असाल तर फोन आधी फ्लाइट मोडवर टाका. माझ्या आधीच्या गायकाचा तानपुरा कोणाच्या तरी कॉलमुळे मध्येच थांबला आणि ते भलत्याच सुरात पुढे गेले. ध्वनिव्यवस्थेवर बसलेल्या माणसाला इको कमी करायला आणि मॉनिटरमध्ये (गायकाकडे तोंड असलेल्या स्पीकरमध्ये) तानपुरा सोडायला सांगावे, नाहीतर तो न विचारता सर्वांना सारखाच घुमारा देतो. आणखी एक राहिले : काचेच्या बांगड्या घालू नयेत, हातवारे करताना त्या माइकमध्ये ऐकू येतात.

महोत्सवानंतर मी समितीला सविस्तर पत्र लिहिले होते. यंदाचा अर्ज नुकताच आला आणि त्यात 'स्केल', म्हणजे पट्टी, असा नवा रकाना आहे. निवडीसाठी त्याखाली 'पुरुष' आणि 'स्त्री' असे दोन पर्याय दिलेले आहेत. मी 'स्त्री' निवडून अर्ज पाठवला, तबलजींना त्याच दिवशी फोन करून काळी चार आणि यमन असे सांगितले, आणि मोठ्या तोंडाचा तबला आणण्याचे त्यांनी कबूल केले आहे.